मीटर म्हणतो दोन्ही सारखे, मग गाडी का रडतेय? एमजीबीच्या ट्विन एसयू कार्ब्युरेटरची एक केस

गाडी 1969 ची एमजीबी रोडस्टर. 1798 सीसी इंजिन, एचएस-4 प्रकारचे दीड इंची दोन एसयू कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी यंत्रं). मालक म्हणजे इथे मिडलँड्समधे राहणारे आमच्या ओळखीतले एक काका, मूळचे सांगलीकडचे, रिटायर झाले आणि लगेच ही गाडी घेतली. इंग्लंडमधे अशी गाडी घेणं तसं फार जगावेगळं नाही, 1962 ते 1980 मधे अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून या पाच लाखांवर बाहेर पडल्या, त्यातल्या बऱ्याच अजून पळतायत आणि पार्ट म्हणाल तर स्क्रूपासून अख्ख्या बॉडीपर्यंत सगळं नवीन मिळतं. आणि ज्यांनी अँबॅसेडर चालवली किंवा खोललीय त्यांना हे इंजिन बघून घरचंच कोणीतरी भेटल्यासारखं वाटेल, कारण अँबॅसेडरचं 1489 सीसी इंजिन आणि हे, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचीच.

तक्रार अशी होती. गाडी स्टार्ट होते, गरम झाली की कधी 700 आरपीएमवर छान बसते तर कधी सिग्नलला 1200 वर जाऊन अडकते, पायाने अ‍ॅक्सिलरेटर जरा टिचकी मारल्यासारखा दाबला की परत खाली येते. झटकन पाय दिला तर एक हुंकार देऊन दम खाते आणि मग उचलते. हायवेला धावते पण जड वाटते, मागून येणारे पेट्रोलच्या वासाने वैतागतात, आणि अ‍ॅव्हरेज गॅलनला 18 मैलांच्या आसपास, जिथे या गाडीने 25 च्या पुढेमागे द्यायला हवं. चाळीस वर्षांच्या वरच्या गाडीला इथे वर्षाची एमओटी टेस्ट लागत नाही त्यामुळे धुराची तपासणी करून कोणी अडवणारंही नव्हतं.

काकांनी एका गॅरेजमधे ती दोनदोनदा ट्यून करून घेतली होती. दर वेळी गाडी आठवडाभर बरी आणि मग परत तेच. मी गेलो तेव्हा काका म्हणाले, "अरे, तो माझ्यासमोर मीटर लावून दाखवतो, दोन्ही कार्ब्युरेटर अगदी सेम. मग अजून काय बॅलन्स करायचं राहिलंय?" म्हटलं काका, मीटर खोटं बोलत नाहीये, पण तो कुठली हवा मोजतो ते बघायला पाहिजे. ही सगळी केस या एका वाक्याभोवतीच फिरते, म्हणून आधी थोडं एसयूबद्दल सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे उडी मारा.

एसयू कसा चालतो

साध्या कार्ब्युरेटरमधे आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) एक जेट, म्हणजे पेट्रोल यायचं भोक, पळताना दुसरा, पिकअपला वेगळा पंप असं सगळं असतं. एसयूत एकच जेट. त्यावर खाली निमुळती होत जाणारी एक सुई, ती सुई एका पिस्टनला लावलेली, पिस्टन वर डॅशपॉट नावाच्या गोल डब्यात. इंजिनाने जास्त हवा ओढली की पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट मोठी होते, आणि सुई जेटमधून बाहेर आल्यामुळे पेट्रोलची वाटही त्याच प्रमाणात मोठी होते. संपला विषय. अगदी सुरुवातीच्या एसयूंना पिस्टनऐवजी चामड्याचा भाता असायचा, आणि ते साहजिकच होतं कारण ज्या स्किनर बंधूंनी हे काढलं त्यांच्या घरचा धंदा बुटांचा. 1926 मधे कंपनी मॉरिसकडे गेली आणि मग अर्ध्याअधिक ब्रिटिश गाड्यांवर हेच बसायला लागलं.

पिस्टनच्या दांड्यात थोडं तेल असतं आणि त्यात वरून एक डॅम्पर बुडालेला असतो. पाय एकदम दिला की पिस्टनने टुणकन वर उडी मारायची नाही, सावकाश उठायचं, म्हणजे त्या क्षणी हवेचा वेग वाढून मिक्स्चर थोडं रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. पिकअप पंपाचं काम हे तेल करतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मिक्स्चर सेट करायला जेटखाली एक सहा बाजूंचा नट असतो. खाली फिरवला की जेट उतरतो, रिच. वर केला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. मेकॅनिक लोक हे फ्लॅटमधे मोजतात, नटाची एक बाजू फिरली म्हणजे एक फ्लॅट, पूर्ण एक फेरा म्हणजे 6. जेट पुलाच्या (हवेच्या वाटेतला, जेटच्या तोंडाभोवतीचा उंचवटा) पातळीला आणायचा आणि तिथून दोन फेरे म्हणजे 12 फ्लॅट खाली, ही सुरुवातीची नेहमीची सेटिंग, तिथून दोनचार फ्लॅट इकडेतिकडे होतात.

आणि बी-सिरीजच्या हेडला चार सिलिंडरसाठी इनटेकची तोंडं फक्त दोनच. 1 आणि 2 मिळून एक, 3 आणि 4 मिळून एक. पुढचा कार्ब्युरेटर पुढच्या जोडीला, मागचा मागच्या जोडीला, मधे मॅनिफोल्डमधून (कार्ब्युरेटरपासून हेडपर्यंतची वाट) एक बारीक बॅलन्स पाइप. त्यामुळे प्लग बाहेर काढले की कुठला कार्ब्युरेटर काय करतोय ते जोड्याजोड्याने दिसतं. हे फार सोयीचं आहे.

कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी

जुन्या गाड्यांच्या लोकांत एक ठरलेलं बोलणं आहे की कार्ब्युरेटरचे निम्मे रोग इग्निशनमधे असतात. तेव्हा आधी कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर 150 पीएसआयच्या आसपास, एकमेकांत फारसा फरक नाही. टॅपेट 15 थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सेट केले, एक टाइट होता. पॉइंट जळलेले, ते बदलून गॅप 15 थाऊ, ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) 60 डिग्रीच्या जवळ आणला. टायमिंग लाइट लावून बघितलं तर पुलीवरची खूण स्थिर, नाचत नाही, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट ठीक. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या नळीला तोंडाने ओढून बघितलं, डायफ्रॅम धरून ठेवतोय, फुटलेला नाही. एअर फिल्टर स्वच्छ.

एवढं करून गाडी थोडी सुधारली, पण तक्रार तीच. बरं झालं, कारण आता संशयित कमी उरले.

पहिला धागा: फ्लॅट मोजले

कुठलीही सेटिंग बिघडवायच्या आधी ती लिहून ठेवायची, हे माझं आपलं तत्त्व. दोन्ही जेटचे नट वरपर्यंत फिरवत फ्लॅट मोजले. मागचा 11. पुढचा 21.

इथेच खरं तर थांबून विचार करायला हवा होता त्या गॅरेजवाल्याने. एकच इंजिन, एकाच मापाचे दोन कार्ब्युरेटर, दोन्हीतल्या सुया काढून दांड्यावरचा नंबर बघितला तर तोही एकच आणि मॅन्युअलशी जुळणारा, दोन्ही सुयांचा खांदा पिस्टनच्या तळाशी बरोबर सपाट बसलेला, फ्लोटची (आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा) उंची झाकण उलटं धरून 1/8 इंची ड्रिलने बघितली ती सारखी, फ्लोट कानाजवळ हलवून बघितले तर आत पेट्रोल शिरलेलं नाही. मग पुढच्याला मागच्यापेक्षा 10 फ्लॅट जास्त पेट्रोल का लागतंय? एकदोन फ्लॅटचा फरक कुठेही असतो. दहाचा फरक म्हणजे पुढच्या जोडीला कुठूनतरी फुकटची हवा मिळतेय आणि कोणीतरी पेट्रोल वाढवून तिची भरपाई केलीय.

दुसरा धागा: प्लग, पण दोन वेगळ्या वेळी काढलेले

सगळी सेटिंग होती तशी परत ठेवली. गाडी गरम करून नुसती आयडलला बरीच मिनिटं ठेवली आणि प्लग काढले. चारही साधारण सारखेच, थोडे काळसर, पण भांडण करावं असं काही नाही. मग स्वच्छ प्लग टाकून हायवेला घेऊन गेलो, ताशी 60 मैलांनी एकसारखं चालवलं, आणि रिकामा रस्ता बघून क्लच दाबला, इग्निशन बंद केलं, गडगडत ले-बायमधे (रस्त्याकडेला गाडी थांबवायची जागा) नेऊन थांबवली. (किल्ली फक्त एक टप्पा मागे घ्यायची, पूर्ण काढायची नाही, स्टिअरिंग लॉक असलेली गाडी असेल तर भलतंच होईल.) तिथेच बॉनेट उघडून प्लग काढले. 3 आणि 4 फिकट राखाडी, थोडे लीनकडेच. 1 आणि 2 काजळीने मखमलीसारखे काळेकुट्ट.

हाच तो पुरावा. हवेची गळती थ्रॉटलच्या (पाय दिला की उघडणारी हवेची झडप) इंजिनाकडच्या बाजूला असेल तर आयडलला तिचा वाटा मोठा असतो, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद, तिथून येणारी हवा मुळात थोडी, त्यात ही चोरटी हवा म्हणजे बराच टक्का. पण थ्रॉटल उघडला की मुख्य वाटेने एवढी हवा येते, आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूमही कमी होतो, की ती गळती कोणाच्या खिजगणतीत राहत नाही. म्हणजे आयडलला बसून जो कोणी मिक्स्चर बरोबर करेल तो रस्त्यावर गाडी रिच करून देईल. गॅरेजवाल्याने आयडलला बरोबरच केलं होतं. गाडी मात्र आयडलवर कोणी चालवत नाही.

आणि मीटर? तो कार्ब्युरेटरच्या तोंडाला लावतात. तोंडातून आत जाणारी हवा तो मोजतो. थ्रॉटलच्या पलीकडून शिरणारी हवा त्याच्या समोरून जातच नाही, तर मोजणार कशी. दोन्ही काटे सारखे दिसत होते ते खरं होतं, पण पुढच्या दोन सिलिंडरना पोचणारी हवा वेगळी होती. बॅलन्स पाइपमधून थोडी मागेही पाझरत असणार, म्हणून आयडलला सगळंच इंजिन थोडं चिडचिडं.

गळती कुठली

शक्यता चारपाच: मॅनिफोल्डचं गास्केट, कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधला जाड स्पेसर आणि त्याची गास्केटं, ब्रेक सर्व्होची नळी असेल तर ती, आणि थ्रॉटल स्पिंडल, म्हणजे थ्रॉटलची डिस्क ज्या दांड्यावर फिरते तो. बरेच लोक इथे ब्रेक क्लीनर मारून बघतात. या इंजिनावर ते करू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला आहेत, कार्ब्युरेटर थेट तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर, एक ठिणगी आणि गाडीसोबत भुवयाही जातील. मी झाडांना फवारायची साधी पाण्याची बाटली वापरतो, बारीक फवारा. गास्केटांवर मारलं, काही नाही. पुढच्या कार्ब्युरेटरच्या स्पिंडलच्या टोकाला मारलं आणि आरपीएम क्षणभर डगमगला, परत मारलं, परत डगमगला.

मग बंद गाडीत स्पिंडल बोटांनी धरून वरखाली हलवून बघितला. हलला. नुसता जाणवला नाही, टक टक आवाज आला. स्पिंडल 5/16 इंची, त्याच्या घरात तो फिरला पाहिजे पण हलता कामा नये. मागचाही ढिला होता, पण पुढच्याच्या मानाने बरा. आणि ते कधी 700 कधी 1200 चं गणितही इथेच सुटलं: ढिला स्पिंडल दर वेळी बंद होताना थोडा वेगळ्या जागी बसतो, डिस्क कधी नीट मिटते, कधी एका कडेला अडकून फट ठेवते. पायाने टिचकी मारली की जागेवर येते.

पैसे घालवायच्या आधी खात्री करायची एक फुकटातली युक्ती आहे. घट्ट ग्रीस घ्यायचं, स्पिंडलच्या दोन्ही टोकांना बोटाने भरपूर थापायचं आणि गाडी सुरू करायची. ग्रीस काही मिनिटं तरी हवा अडवतं. तसं केलं आणि इंजिन लगेच घोगरं झालं, आरपीएम पडला, मागून काळा धूर, म्हणजे चोरटी हवा बंद झाल्याबरोबर पुढचा कार्ब्युरेटर किती रिच केलेला होता ते उघडं पडलं. पुढचा नट हळूहळू वर घेत गेलो, 13 फ्लॅटपर्यंत आला आणि इंजिन अचानक गुळगुळीत. काका बाजूला उभे होते, म्हणाले, "हे एवढं ग्रीसने होतंय तर असंच ठेवू की!" नाही काका, ग्रीस वितळून आत ओढलं जाईल, हे फक्त निदान.

दुरुस्ती आणि मधेच निघालेली दुसरी भानगड

दोन्ही कार्ब्युरेटर काढले. बॉडीची भोकं रीम करून (मोठी आणि गुळगुळीत करून) त्यात बुश, म्हणजे नवीन बाही, टाकणं हे काम अचूक लाइनमधे व्हायला लागतं, दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत नसतील तर स्पिंडल जाम होतो, म्हणून ते घरी न करता मशीनिंग करणाऱ्याकडे दिलं, दोन्ही बॉडी. एक करायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा यात काही अर्थ नाही, सहा महिन्यांनी परत तेच बॅलन्सचं रडगाणं. नवीन स्पिंडल, नवीन डिस्क आणले, सॅलिसबरीला बर्लेन म्हणून कंपनी आहे ती अजूनही एसयूचे सगळे पार्ट बनवते.

डिस्क बसवताना दोन गोष्टी जपायच्या. स्क्रू पूर्ण आवळायच्या आधी थ्रॉटल दोनचार वेळा फटकन बंद करायचा म्हणजे डिस्क आपली आपण मधे बसते, मग बॉडी उजेडाकडे धरून बघायचं, कडेने सगळीकडे सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे, चंद्रकोर दिसली तर परत. आणि त्या दोन छोट्या पितळी स्क्रूंची टोकं फाटलेली असतात, ती आवळल्यावर फाकवायची असतात, तेही नवीनच वापरायचे. ते राहून गेलं तर एक दिवस स्क्रू सुटून सरळ इनटेकमधून सिलिंडरमधे.

कार्ब्युरेटर बाहेरच होते म्हणून पिस्टनची ड्रॉप टेस्टही करून घेतली. डॅशपॉटमधे पिस्टन घालायचा, पिस्टनच्या तळाची दोन भोकं प्लॅस्टिसिनने बंद करायची, डॅम्परचं टोपण लावायचं, डॅशपॉट खालच्या बाजूला येईल असं पिस्टनला हातात धरायचं आणि डॅशपॉटला स्वतःच्या वजनाने खाली घसरू द्यायचं, आणि वेळ मोजायचा. या मापाला पाच ते सात सेकंद ठीक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्हींचे सेकंद सारखे हवेत. इथे एक तीन सेकंदांत गडगडला आणि दुसरा आठला आणि तोही शेवटी जरा अडखळून.

पिस्टन आणि डॅशपॉट कारखान्यात जोडी लावून येतात, मधे रिंग वगैरे काही नसते, नुसत्या बारीक फटीवर सगळा खेळ. कोणीतरी कधीतरी दोन्ही एकदम उघडून धुतले आणि बसवताना अदलाबदल केली. डॅशपॉट एकमेकांत बदलले आणि परत टेस्ट घेतली, दोन्ही साडेपाच-सहा सेकंदांवर, अडखळणं गायब. एक पैसा खर्च नाही. आयडलला या चुकीचा काही पत्ता लागत नाही, पण पाय दिला की एक पिस्टन आधी उठतो आणि दुसरा मागून, मग कसला बॅलन्स. तेव्हा एका वेळी एकच कार्ब्युरेटर उघडायचा, नाहीतर ट्रेवर मार्करने पुढचा-मागचा लिहायचं.

आणि तो दम खाण्याचा प्रकार? मागच्या डॅम्परमधे तेलच नव्हतं. कोरडा. डॅम्पर बाहेर काढला तर दांडीला तेलाचा वाससुद्धा नाही. मागचा पिस्टन झटक्यात वर, मिक्स्चर क्षणभर लीन, हुंकार. एसएई 20 ग्रेडचं तेल घातलं, डॅम्पर घालताना टोपण बसायच्या साधारण पाव इंच आधी विरोध जाणवला पाहिजे एवढं. काही लोक इथे गिअरबॉक्सचं जाड तेल घालतात, का ते देव जाणे, पिस्टन मग उठायलाच आळस करतो.

सुया एका जागी घट्ट बसणाऱ्या आहेत, डुलणाऱ्या नाहीत, त्यामुळे जेट मधोमध आणावा लागतो. मोठा लॉकनट ढिला करायचा, जेट पूर्ण वर, पिस्टन पेन्सिलने हलकेच खाली दाबून धरायचा आणि लॉकनट आवळायचा. मग पिस्टन उचलून सोडला की पुलावर पडताना खणखणीत टक आवाज यायला हवा, जेट पूर्ण खाली उतरवूनही तोच आवाज. बद्द आवाज आला म्हणजे सुई घासतेय. मागचा पहिल्याच झटक्यात जमला, पुढच्याने बराच वेळ खाल्ला.

आता बॅलन्स

आता मीटरला अर्थ आला. दोन्ही थ्रॉटल जोडणाऱ्या मधल्या दांड्याचे क्लॅम्प ढिले केले, चोकच्या जोडदांड्याचेही, म्हणजे दोघं एकमेकांपासून मोकळे. हे न करता जे आयडलचे स्क्रू पिळत बसतात ते एकाला फिरवून दोघांना हलवतात आणि मग म्हणतात एसयू फार लहरी. आयडलचे दोन्ही स्क्रू पूर्ण मागे घेतले, नुसते टेकले की तिथून एकेक फेरा आत. जेट दोन्ही 12 फ्लॅट.

गाडी पूर्ण गरम झाल्यावर मीटर आधी पुढे मग मागे, दोन्ही आयडल स्क्रू थोडे थोडे फिरवत काटा सारखा आणि आरपीएम 800 च्या आसपास. मीटर नसेल तर रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एकाच जागी धरून सूंऽऽ आवाज तोलायचा, जुने लोक तसंच करायचे आणि कान तयार असेल तर मीटरच्या तोडीस तोड जमतं. मग मिक्स्चर. पिस्टन खालच्या पिनने जेमतेम 1/32 इंच उचलायचा, आणि ते जेमतेमच, जास्त उचलला तर कुठलंही इंजिन मरेल. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, लगेच पडला तर लीन, किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. पुढचा 13 वर स्थिरावला, मागचा 12 वर. मिक्स्चर हललं की आयडल हलतो, म्हणून परत मीटर, परत पिन, हे एकमेकांच्या मागे थोडं फिरावं लागतंच. मी शेवटी काचेचा प्लगही लावून बघितला, कलरट्यून म्हणतात तो, आत ज्वाला दिसते, पिवळी असेल तर रिच, गॅसच्या शेगडीसारखी निळी असेल तर छान. चारही सिलिंडरला निळी. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी काकूंना बोलावून दाखवलं, काकू म्हणाल्या छान आहे आणि आत गेल्या.

शेवटचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे क्लॅम्प आवळणं. मधल्या दांड्याच्या पिना दोन्ही कार्ब्युरेटरच्या खाचेत बसतात आणि आयडलला त्या पिनेला थोडी मोकळी जागा लागते, 12 थाऊच्या आसपास, फीलर गेजने. मोकळीक नसेल तर थ्रॉटल पूर्ण बंद होत नाही. दोन्हीकडे वेगवेगळी असेल तर पाय दिला की एक आधी उघडतो, एक नंतर, म्हणजे आयडलला शंभर टक्के बॅलन्स आणि रस्त्यावर शून्य. म्हणून आवळल्यावर 1500 आरपीएमला धरून परत मीटर लावलाच पाहिजे. इथे मागचा थोडा मागे पडत होता, एक क्लॅम्प केसभर सरकवला, जुळलं. तसंच चोकचं, केबल पूर्ण आत असताना दोन्ही जेट खरंच वर टेकलेत का ते खाली वाकून बोटाने दाबून बघायचं.

आता कशी आहे

तीच हायवेची प्लग टेस्ट परत घेतली. चारही फिकट बिस्किटी, पुढचीमागची जोडी ओळखता येत नाही. आयडल 800 वर बसतो आणि बसूनच राहतो. पाय दिला की उचलते. अ‍ॅव्हरेज गॅलनला 26 पर्यंत गेलं, काका आता मुद्दाम पंपावर टाकी पूर्ण भरून हिशोब करतात. पेट्रोल फक्त ई-5 सुपर (5 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं) टाकायला सांगितलंय, कारण 2021 च्या सप्टेंबरपासून इथलं साधं पेट्रोल ई-10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालं आणि या गाडीतल्या जुन्या रबरी नळ्या अजून बदलायच्यात.

एक तक्रार मात्र शिल्लक आहे. उन्हाळ्यात लांब फिरून आल्यावर दहा मिनिटं उभी केली की परत स्टार्ट व्हायला थोडी कुरकुरते. एक्झॉस्टच्या उष्णतेने फ्लोटच्या टाकीतलं पेट्रोल उकळतं, हीट शील्डच्या मागचं इन्सुलेशन कधीच झडून गेलंय. नवीन शील्ड मागवलंय. त्यासाठी दोन्ही कार्ब्युरेटर परत उतरवावे लागतील, पण क्लॅम्प आणि जेटच्या नटांना हात न लावता जोडीच्या जोडी एकदम निघते, म्हणजे सेटिंग तशीच राहील, बसवल्यावर फक्त 1500 ला एकदा मीटर.